चालू बोर्डाची पूजा

आमच्या मॅडम वाईट शिकवायच्या असं कुणी म्हटलं, की मी भांडायला उठते. चांगल्या शिकवायच्या असं कुणी म्हटलं, तरी उठते. ज्यांनी त्यांच्या हाताखाली दिवस काढले नाहीत त्यांनी दोन्हीकडून गप्प बसावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यात उसाच्या फडाला पाठ लावून आणि हायवेकडे तोंड करून उभी असलेली इंजिनिअरिंग कॉलेजं काही कमी नाहीत. त्यातलं कुठलंही धरा. कमान मोठी, लायब्ररी लहान, आणि गेटापासून ऑफिसपर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. मी राहात्याहून यायचे. माझे वडील पेरूचा टेम्पो चालवतात. पोरगी इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी टेम्पोच्या मागे माझं नाव आधीच रंगवून घेतलं होतं, त्यामुळे नापास व्हायची सोयच उरली नव्हती.

मॅडम नेवाशाहून एसटीने यायच्या. पन्नाशीच्या, सडपातळ. साडी सुती, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. वडील नेवाशात भिक्षुकी करायचे. मॅडम एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं यंत्रांच्या आतला प्रोग्राम लिहायचं काम करून वडिलांच्या आजारपणात गावी परतलेल्या. कॉलेजात त्या करारावर होत्या. म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली, आणि जूनमध्ये संस्थेच्या मनात आलं तर पुन्हा सुरू. आपली नोकरी अशी दोरीवर वाळत घातलेली असताना माणसानं जरा नमून राहावं की नाही? पण नाही.

विषय असा होता. हाताच्या पंजावर मावेल एवढा एक बोर्ड, त्याच्यावर एक चिप. त्यात विंडोज नाही, अँड्रॉइड नाही, तयार असं काहीच नाही. वीज दिली की चिप जागी होते आणि एका ठरलेल्या पत्त्यावर जे लिहिलेलं असेल ते करायला लागते. ते तिथे आपण लिहून ठेवायचं. दुसऱ्या कॉलेजातली पोरं इंटरनेटवरून कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम आणून एका ओळीत बोर्डावरचा दिवा लावायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकायची. आम्हाला ते वर्ज्य. मॅडमचं म्हणणं, दिवा लावायचा तर चिपमधल्या कुठल्या घरात कुठला आकडा ठेवल्याने तो लागतो हे तुम्हाला ठाऊक पाहिजे, आणि तो आकडा तुमच्या हाताने तिथे गेला पाहिजे.

त्यांच्या तासाला एका शब्दावर बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘आपोआप’.

पहिल्याच तासाला एका मुलाने उत्तर दिलं, “मॅडम, वीज दिली की प्रोग्राम आपोआप मेनपासून, म्हणजे मुख्य भागापासून, सुरू होतो.”

“कोण सुरू करतं?”

“आपोआपच होतो, मॅडम.”

“उभा राहा. कोण करतं ते सापडेपर्यंत उभा राहा.”

बिचारा तास संपेपर्यंत उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. शेवटी त्यालाच शोधून काढावं लागलं, की मेनच्या आधी एक छोटासा प्रोग्राम चालतो, तो स्मृतीची जुळवाजुळव करतो आणि मग मेनला हाक मारतो; आणि तो कुणीतरी बसून लिहिलेला आहे. मॅडम म्हणाल्या, “पूजेच्या आधी संकल्प सोडतात. मी कोण, कुठे बसलोय, आज तिथी कुठली, काय करणार आहे, सगळं आधी सांगावं लागतं. देवाला माहीत नसतं म्हणून नव्हे, आपल्याला भान असावं म्हणून. चिपला तर खरोखरच काही माहीत नसतं. आता बस.” त्या मुलाने नंतर होस्टेलवर मॅडमची यथेच्छ नक्कल केली. पण तो प्रोग्राम त्याला अजून तोंडपाठ असेल, पैज लावते.

बरं, हे वर्गापुरतं असतं तरी सोसलं असतं. एकदा कॉलेज सुटल्यावर हायवेच्या फाट्यावर मी त्यांच्याबरोबर गाडीची वाट बघत होते. गाडी आली ती चांगलीच उशिरा. मॅडमनी कंडक्टरला विचारलं, उशीर का झाला? तो म्हणाला, “झाला आपोआप, बाई. बसा आता.” झालं! मॅडमनी एक पाय पायरीवर ठेवला आणि चढेनात.

“आपोआप कसा होईल? कुणी केला?”

“आता मी काय सांगू, बाई? वाटंत टायम गेला.”

“टाइम स्वतः जात नाही. कुणी घालवला?”

मागून लोक ओरडायला लागले. शेवटी ड्रायव्हरनेच खिडकीतून मान काढली आणि म्हणाला, “मी घालवला, मावशी. वडापाव खाल्ला. लई भूक लागली हुती. आता चढा!” मॅडम म्हणाल्या, “खायलाच पाहिजे,” आणि चढल्या. पुढे रस्ताभर त्या ड्रायव्हरशी इतक्या गोडीने बोलत होत्या, की मला शरमेने खिडकीबाहेर बघत बसावं लागलं.

चिपची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक असतं. हजारावर पानं. ते कंपनीच छापते आणि जगात कुणीही ते सरळ वाचत नाही. अडलं की तेवढं पान उघडतात. मॅडमनी ते छापून, लाल कापडात बांधून घेतलं होतं आणि आठवड्यातून एकदा आमच्याकडून त्याचं पारायण करून घ्यायच्या. हो, पारायण. सगळ्यांनी गोल बसायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, तिसऱ्याने बोर्डावर ते करून दाखवायचं. अर्थ सांगताना अडखळलं तर ओवी पुन्हा. त्या ‘ओवी’च म्हणायच्या. मला मनापासून संताप यायचा. माझ्या राहात्याच्या मैत्रिणी एव्हाना मोबाईलची अ‍ॅप बनवायला लागल्या होत्या, आणि मी मात्र इथे ‘हे घर राखीव आहे, त्यात काही लिहू नये’ याचा अर्थ सांगत होते.

पण लाल कापड बघून कुणी त्या पुस्तकाला नमस्कार केला तर त्या खवळायच्या. “नमस्कार करून बिट बदलत नाही. वाच.”

माझा पहिला दिवा लागेपर्यंत जुलै संपला. सगळं बरोबर लिहिलं होतं. दिवा चिपच्या कुठल्या पायाला जोडलाय ते सांगितलं, तो पाय बाहेर वीज देणारा आहे हे सांगितलं, आकडा ठेवला. दिवा ढिम्म. माझी जोडीदारीण मनीषा पाथर्डीकडची, ती म्हणाली, “बोर्डच मेलाय गं. दुसरा माग.” मी ऐटीत जाऊन सांगितलं, “मॅडम, बोर्ड खराब आहे.”

मॅडमनी बोर्डाकडे बघितलंही नाही. “आधी आपली ओळ बघ.”

मी बघितली. दहादा बघितली. परत गेले. “आधी आपली ओळ बघ.” मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. पारायणाच्या दिवशी मीच ते पान वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. चिपच्या प्रत्येक भागाला आधी त्याचं घड्याळ चालू करून द्यावं लागतं. ते दिलं नाही तर तो भाग झोपलेला राहतो. झोपलेल्याला काहीही सांगा, तो करत तर नाहीच, पण तक्रारही करत नाही. मोटर चालू न करता शेतातले कॉक फिरवत बसल्यासारखं मी महिनाभर केलं होतं. मी उठले, एक ओळ लिहिली, आणि तो हिरवा टिचभर दिवा लुकलुकायला लागला. मनीषाने शिट्टी मारली. मॅडम एवढंच म्हणाल्या, “अर्धी ओवी राहिली आहे, पुढे वाच.” कौतुकाचा एक शब्द नाही! त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढाच त्यांच्या तासाला जायचा नाद लागला, आणि दोन्ही अजून सुटलेले नाहीत.

त्यांची आणखी एक खोड सांगते. आपण प्रोग्राम चालवून अभिमानाने दाखवत असलो, की मॅडम येऊन बोर्डाची वायर उपटायच्या आणि पुन्हा लावायच्या. “वीज जाते आपल्याकडे. गेल्यावर काय होतं?” एकदा परीक्षेला पुण्याहून आलेले साहेब स्वतःच्या लॅपटॉपवर काहीतरी दाखवत होते, तर त्यांचीही वायर उपटली. साहेबांचा लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. सगळं अंधारात गेलं. मॅडम म्हणाल्या, “बघा.” साहेब तांबडेलाल झाले. प्राचार्यांनी त्यांना चहा पाजून शांत केलं आणि मॅडमना ऑफिसात बोलावून झापलं. पण पुढच्या आठवड्यात वायर उपटणं पुन्हा चालूच.

हे सगळं यासाठी सांगते, की वीज आणि मॅडम यांचं नातं कसं होतं ते लक्षात यावं. आता खंडेनवमीचं ऐका.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. शेतकरी विळा-कोयता पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आमच्या कॉलेजात लेथ मशीनला झेंडूचे हार घालतात. त्या वर्षी संस्थेच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, की कॉम्प्युटरवाल्यांनी का मागे राहावं? सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांच्या मनात आलं की ते होत असे, आणि झालं की त्याचा फोटो निघत असे.

तेव्हा आमची लॅब ऐन रंगात होती. प्रत्येक जोडीच्या बोर्डाला ठिबकचा छोटा व्हॉल्व्ह जोडलेला. माती सुकली की बोर्ड व्हॉल्व्ह उघडायचा, ओली झाली की बंद करायचा. व्हॉल्व्हला बारा व्होल्ट लागायचे, चिपला सोसायचे जेमतेम तीन. म्हणून दोन्हीकडच्या वायरी लांब ठेवायच्या, एकमेकींना शिवू द्यायच्या नाहीत, हे मॅडमनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलेलं. लांबलचक टेबलावर सगळे बोर्ड ओळीने मांडले होते, आणि सगळ्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. दिसत होतं मात्र छान, खोटं कशाला बोलू?

अण्णा आले. मागे प्राचार्य, फोटोग्राफर, ताम्हण धरलेला शिपाई. मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, “पूजा करा, पण आधी वीज बंद करू. पाणी आहे, गंध ओलं आहे.” आणि त्यांनी भिंतीवरच्या मेन स्विचकडे हात नेला.

अण्णा हसले. “अहो मॅडम, तुमी तर भटजींच्या लेक. देवापुढचा दिवा पूजंच्या टायमाला इझवत्यात व्हय? ऱ्हाऊ द्या चालू. लई भारी दिसतंय.”

सगळे हसले. फोटोग्राफर म्हणाला, “दिवे पाहिजेतच, मॅडम. नाहीतर फोटोत काय येणार?” मॅडम पुन्हा म्हणाल्या, “ओल्या गंधातून वीज जाते. बोर्ड मरतील.” प्राचार्य त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, “पाच मिनिटांचा प्रश्न आहे. कशाला वाढवता?”

मॅडमचा हात खाली आला.

मग अण्णांनी पळीत बोट बुडवून कुंकू कालवलं आणि एकेका चिपवर, बरोबर मधोमध, ठसठशीत टिळा लावला. वरून फुलाने पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. ज्याला बोर्ड कशाला म्हणतात हे ठाऊक नाही तोच इतक्या आत्मविश्वासाने त्याच्या कपाळी टिळा लावू शकतो. शेवटच्या बोर्डापर्यंत पोचेपर्यंत पहिल्याचा दिवा गेला होता. मग दुसऱ्याचा गेला. करपट वास सुटला. आरती चालू होती, त्यामुळे अण्णांना वाटलं कापूर आहे. मॅडम एकदम भानावर आल्या आणि त्यांनी स्विच पाडला, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. जूनपासून ज्यांच्यावर आम्ही डोळे फोडून घेतले ते सगळे बोर्ड मेले. मनीषा हातातला झेंडू चुरगाळत म्हणाली, “मेल्यांनी जिवंतपनी तेरावा घातला की गं!”

फोटो मात्र छान आला. दुसऱ्या दिवशी गेटावर फ्लेक्स लागला. त्यात सगळे दिवे लागलेले आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. संस्थेला नवे बोर्ड घ्यावे लागणार होते, आणि ते घ्यायचे तर जुने कसे गेले ते ठरवणं भाग होतं. प्राचार्य, अण्णा, संस्थेचे आणखी एक सभासद, मॅडम, आणि विद्यार्थ्यांच्या वतीने मनीषा आणि मी. आम्ही दोघी तयारीनिशी गेलो होतो. काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं, कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, असं जिन्यातच ठरवलं होतं. कारण आम्हाला कुणकुण लागली होती, की या प्रकरणात मॅडमचा करार जाणार, आणि करार गेला की विषयही जाणार.

प्राचार्यांनी सुरुवात मोठ्या मायेने केली. “मॅडम, बोर्ड जुने होते. दमट हवा. आपोआप गेले असं धरू. तुमचा करार पुढे चालू राहील, विषयही राहील. काय अण्णा?”

“चालतंय की,” अण्णा म्हणाले. “आमाला काय, पोरांचं नुस्कान नको.”

एवढं म्हणून टाकलं असतं तर नोकरी राहिली असती. मॅडमनी मान हलवली. “आपोआप नाही गेले.”

मी मनीषाचा हात दाबला. आता! आता बाई नाव घेणार. एसटीच्या कंडक्टरला ज्यांनी सोडलं नाही, त्या या माणसाला कशा सोडतील?

अण्णांचा आवाज बदलला. “मग कुनी घालवले म्हणायचं?”

“मी,” मॅडम म्हणाल्या. “स्विच माझ्या हाताशी होता. मी बंद केला नाही.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मी खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि ओरडले, “खोटं आहे! मॅडम बंद करत होत्या. अण्णांनी करू दिला नाही. गंध अण्णांनी लावलं.” मनीषाही उठली. “व्हय सर. आमी समद्या हुतो तिथं. इचारा कुनालाबी.”

प्राचार्यांनी आमच्याकडे बघितलं. ज्याला हवं ते ताटात वाढून मिळालंय अशा माणसाचा चेहरा कसा होतो, तो मी त्या दिवशी बघितला. “तुम्ही बसा,” ते म्हणाले. “मॅडमनी स्वतः मान्य केलंय. मग प्रश्न कुठे उरतो?”

प्रश्न उरला नाही. जूनमध्ये करार झाला नाही. विषय अभ्यासक्रमात होता, म्हणून तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोटा बोर्ड काढून शिकवायला लागले. खोटा बोर्ड जळत नाही, त्याला गंधही लावता येतं.

मीटिंगनंतर मी मॅडमना फाट्यावर गाठलं. भर दुपार होती, शेडखाली आम्ही दोघीच. मी विद्यार्थिनी आहे, त्या शिक्षिका आहेत, वयाने आईच्या आहेत, हे सगळं मी विसरले.

“तुम्ही असं कसं केलंत? तुम्ही त्यांना सांगितलं होतं! दोनदा सांगितलं!”

“सांगितलं म्हणजे काय केलं?” त्या म्हणाल्या. “प्रोग्राममध्ये आपण टिपा लिहितो. इथे जपा, इथे धोका आहे. चिप त्या वाचते का? गाळून पुढे जाते. मी टीप लिहिली. कृती केली नाही.”

“अण्णा चिप नाहीत! माणूस आहेत. त्यांना कान आहेत!”

“त्यांना माहीत नव्हतं गंधातून वीज जाते ते. मला माहीत होतं. हात तिथपर्यंत गेला होता माझा. सगळे हसले म्हणून खाली आला.” त्या थांबल्या. “हसण्याला भ्यायले मी. हे त्यांच्या नावावर कसं लिहू?”

“आणि त्यांचं जे आहे ते कुणाच्या नावावर लिहायचं? तुम्ही तुमची ओळ बघितलीत, फार छान. पण त्यांची ओळ त्यांना कोण दाखवणार? तुम्ही सगळंच अंगावर घेतलंत आणि तो माणूस धुतल्या तांदळासारखा बाहेर पडला. हा पण खोटेपणाच आहे, मॅडम!”

मॅडम गाडी यायच्या दिशेला बघत म्हणाल्या, “असेल.” गाडी आली आणि त्या चढल्या. मी त्यांना नमस्कारही न करता पाठ फिरवली.

त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली नाही. कुठल्याही कॉलेजातून विचारणा झाली, की आमच्या कॉलेजाकडून सांगितलं जायचं, चौकशी झाली होती आणि बाईंनी निष्काळजीपणा स्वतः कबूल केला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं. आता त्या नेवाशात दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतात. मी पुण्यात एका कारखान्यात आहे. दवाखान्यात पेशंटला थेंबथेंब औषध देणारी यंत्रं आम्ही बनवतो, आणि त्यांच्या पोटातल्या चिपसाठी मी प्रोग्राम लिहिते. तिथे माझ्या हाताखालच्या मुलांना ‘आपोआप’ म्हणायची बंदी आहे. ती मला काय म्हणत असतील याची मला कल्पना आहे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेतला आणि मला सत्काराला बोलावलं. गेले. का गेले? भांडायला गेले. अण्णांनीच शाल घातली, नारळ दिला, आणि माईकवर म्हणाले, “ही पोरगी आपल्याच लॅबमधी शिकली. आज पेशंटचं जीव वाचवती.” मग माईक माझ्या हातात आला. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, गंध, स्विचकडे गेलेला हात, तो दिव्याचा विनोद, सगळं, अण्णांच्या नावासकट, अण्णांच्या शेजारी उभी राहून. मला वाटलं, आता हे माझ्या हातातून माईक ओढून घेणार.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मंडपाने वाजवल्या. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरगी तिखट हाय! नगरचं पानी हाय!” आणि फोटो निघाला. मला तिथल्या तिथे तो नारळ कुणाच्या तरी पायावर टाकावासा वाटला.

कार्यक्रम संपल्यावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे नवे प्राचार्य, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील, माणूस सरळ वाटला. म्हणाले, “तुम्ही बोललात ते मनाला लागलं. मला तो विषय पुन्हा खऱ्या बोर्डावर सुरू करायचाय. तुम्ही महिन्यातून एकदा याल का?”

“मी कशाला? मॅडमना बोलवा. नेवाशातच आहेत.”

“बोलावलं असतं. पण त्यांनी कबूल केलेलं आहे ना. संस्था विचारील. त्या एकदा म्हणाल्या, की माझी चूक नव्हती, मला गप्प बसवलं होतं, तर मी लढीन त्यांच्यासाठी. शब्द देतो.”

मी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडमना सगळं समजावून सांगितलं. विषय परत येतोय, खरे बोर्ड येणार आहेत, तुम्ही यायचंय, सर समोर बसलेत, फक्त त्या दिवशी काय झालं ते त्यांना सांगा. “मॅडम,” मी म्हटलं, “या वेळी सगळ्यांच्या ओळी वाचा.”

पलीकडे शिकवणीच्या मुलांचा गलका होता. मॅडमनी त्यांना गप्प केलं. मग सावकाश, पारायणाच्या आवाजात बोलल्या. “मी स्विचकडे हात नेला. अण्णा म्हणाले, दिवा विझवत नाहीत, चालू राहू द्या. फोटोग्राफर म्हणाला, दिवे पाहिजेत. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, वाढवू नका. गंध अण्णांनी लावलं. हे सगळं मी त्या मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तुझं बरोबर होतं.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. मॅडम पुढे म्हणाल्या, “आणि स्विच माझ्या हाताशी होता. मला माहीत असून मी तो बंद केला नाही. हे तेव्हाही खरं होतं, आताही आहे.”

प्राचार्य पुढे झुकले. “म्हणजे, मॅडम, चूक तुमचीही होती असंच तुमचं म्हणणं?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “माझीही.”

प्राचार्यांनी माझ्याकडे बघून हात पसरले. “बघा आता. त्या अजूनही मान्यच करतायत. मी संस्थेला काय सांगू?”

फोन चालूच होता. तो चालू आहे हे मला माहीत होतं. मी उभी राहिले. शाल खांद्यावरून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

“सांगा, की या इमारतीत आजवर ‘माझी चूक’ म्हणणारं एकच माणूस नोकरीला होतं,” मी म्हटलं. “आणि तुम्ही लोकांनी बरोबर तेवढंच वेचून बाहेर काढलंत.”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला. चहा आला. तो तसाच ठेवून मी निघाले.